साल्सा ब्रावा: लाट बघायला गेले, बेडकाचं पाणी पिऊन आले (पुएर्तो व्हिएहो, कोस्टा रिका)

निमकी

कामासाठी तीन आठवडे कोस्टा रिकाच्या राजधानीत, सान होसेत आहे. इथले लोक शनिवार-रविवार आला की पॅसिफिकच्या बाजूला पळतात. पूर्वेच्या कॅरिबियन किनाऱ्याचं नाव काढलं तर ऑफिसातल्या मंडळींनी नाकं मुरडली. म्हणे तिकडे पाऊस फार, रस्त्याचा भरवसा नाही, आणि तिथे काही घडतच नाही. तिसरं कारण ऐकून मी तिकीट काढलं.

अंतर जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर, पण बसला पाच तास लागतात. आधी ब्राउलिओ कारियोच्या जंगलातला घाट. जुलैतला ताम्हिणी डोळ्यासमोर आणा, फक्त हा बारा महिने तसाच. उतरताना एका पुलावरून दोन नद्यांचा संगम दिसतो. एकीचं पाणी नितळ, दुसरीचं इरासू ज्वालामुखीच्या मातीनं पिवळं-तपकिरी. या दुसरीचं नाव रिओ सूसिओ, म्हणजे 'मळकी नदी'. बारसं करणाऱ्यानं फार डोकं खाजवलेलं दिसत नाही. खाली सपाटीला लागलं की अननस, मग केळी, मग अजून केळी, प्रत्येक घडावर निळी प्लास्टिकची पिशवी. पुढे लिमोन बंदर आणि तिथून समुद्र डावीकडे ठेवून दक्षिणेला.

शेजारच्या आजींना विचारलं, आता कुठलं गाव येतंय? त्या म्हणाल्या, "कविता." मी दोनदा विचारलं, दोनदा तेच. पाटीवर बघितलं तर काविता. 'का' थोडा लांबवायचा एवढंच. त्या गावात उतरावं की काय असं क्षणभर झालं, पण खोली पुढच्या गावात घेतली होती.

पुएर्तो व्हिएहो म्हणजे 'जुनं बंदर'. वयस्कर माणसं अजून त्याला ओल्ड हार्बर म्हणतात, कारण इथल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांची घरची भाषा स्पॅनिश नाही. ती जमैकाहून आलेली इंग्रजीची बहीण आहे, मेकाटेल्यू तिचं नाव. अर्थ साधारण 'थांब, सांगते तुला'. भेटल्यावर 'वापिन' म्हणायचं, म्हणजे 'काय चाललंय'. भाषेचं नावच 'सांगते तुला' असलेलं गाव आपल्या लोकांना मानवेल असं मला वाटतं.

गाव म्हणजे चार-पाच गल्ल्या. खांबांवर उभी लाकडी घरं, पत्र्याची छपरं, रंग भडक. खाली जाणारा रस्ता एकच, तेरा किलोमीटरवर मान्सानियोला संपतो. त्यापुढे जंगल आणि मग पनामा. सगळे सायकलवर. माझ्या भाड्याच्या सायकलला हँडब्रेक नव्हता, पॅडल उलटं मारलं की थांबायची. हे मला पहिल्या उतारावर कळलं.

शनिवारी सकाळी कोक्लेसच्या किनाऱ्यावर सर्फिंगची शिकवणी. वय ३९, पोहता येतं, योगासनं येतात, म्हणजे जमेल असा माझा हिशोब. वाळूवर झोपून उठायचा सराव करताना मी वर्गात पहिली होते. पाण्यात गेल्यावर दीड तासात एकूण चार सेकंद उभी राहिले, तीही सलग नाहीत. बोर्ड फोमचा असूनही बरगड्या अशा सोलवटल्या की रात्री कुशीवर झोपता येईना. शिकवणारा पोरगा विशीतला. मी पडले की तो "पूरा विदा" म्हणायचा. कोस्टा रिकात हे दोन शब्द नमस्कार, आभार, असू दे, चाललंय बरं, सगळ्याला चालतात. तिसऱ्यांदा नाकातोंडात पाणी गेल्यावर मात्र ऐकायला तितके गोड वाटत नाहीत.

खरी लाट कोक्लेसला नाही, गावातच आहे. तिचं नाव साल्सा ब्रावा. शब्दशः 'चवताळलेला रस्सा', कोल्हापूरकर काय म्हणतील ते म्हणोत. ती दुपारी काठावर बसून बघितली. कॅरिबियन समुद्र पॅसिफिकएवढा थोरला नाही, त्यामुळे लांबून प्रवास करत आलेल्या लाटा इथे नसतात. डिसेंबर ते मार्च कोलंबियाच्या बाजूला व्यापारी वारे जोरात वाहतात, त्यांनी उठवलेलं पाणी इकडे येतं. वाटेत त्याला अडवायला, दमवायला उताराची वाळू नाही. खोल पाण्यातून ते एकदम उथळ प्रवाळावर चढतं आणि भिंतीसारखं उभं राहतं. खाली प्रवाळ सुरीसारखा. मी बसले त्या तासाभरात पाण्यात अकरा जण होते आणि लाटेवर स्वार झाले तिघंच. उरलेले नुसते बसून. मला वाटलं घाबरतात. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, रांग आहे. इथे कोणाची लाट आधी हे ठरलेलं असतं, आणि बाहेरून आलेल्यानं बरीच वर्षं रांगेत शेवटी उभं राहायचं असतं. ही शिस्त मला आपल्याकडच्या एसटीच्या दारात बघायला आवडेल.

ज्यांच्याकडे राहिले त्या बाई सत्तरीच्या. त्यांना सगळे आंटी म्हणत होते, मीही. संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी २२ एप्रिल १९९१ ची दुपार सांगितली. भूकंप ७.६ च्या आसपासचा. समुद्र मागे गेला. लोक लाट येईल म्हणून टेकाडाकडे पळाले. मग पाणी आलं, पण पुरतं आलंच नाही. म्हणजे समुद्र गेला नव्हता, जमीन वर आली होती. लिमोनच्या बाजूला तर किनारा दीड मीटरहून जास्त उचलला गेला. जो प्रवाळ कायम पाण्याखाली असायचा तो उघडा पडला आणि उन्हात मेला. आंटी म्हणाल्या, पुढे कित्येक दिवस गावभर कुजल्याचा वास होता. मी ज्या खडकावर दुपारी पाय सोडून बसले होते, तो त्यांनी लहानपणी कधी पाहिलेलाच नव्हता.

आणि जेवण. इथला भात-राजमा नारळाच्या दुधात शिजवतात. वर एक अख्खी पनामी मिरची ठेवायची, तिचा वास भाताला लागला पाहिजे पण ती फुटता कामा नये. फुटली तर जेवण संपलं. देशाच्या इतर भागात सकाळी जो भात-घेवडा मिळतो त्यात नारळ नसतो, आणि एकदा हा खाल्ल्यावर तो कोरडा लागतो. रोंडोन म्हणजे मासे, कंद, कच्ची केळी असं हाताला लागेल ते नारळाच्या दुधात रटरटवायचं. शेवटी 'आग्वा दे सापो', बेडकाचं पाणी. गूळ, आलं, लिंबू. नावात बेडूक आहे तो रंगामुळे. गूळ इथे 'तापा दे दुल्से' नावानं ढेपेतच मिळतो, छोट्या कापलेल्या शंकूसारख्या ढेपा. पहिला घोट घेतला आणि थेट आजीच्या माजघरात पोचले.

रविवारी परतताना घाटात दरड आली. बस मागे वळून तुरियाल्बामार्गे गेली, साडेआठ तास लागले. ऑफिसातले म्हणाले, सांगितलं होतं.

---

खडीसाखर

'मळकी नदी' ठ्ठो! वाचनखूण साठवली. पण फोटो कुठायत ताई?

निमकी

फोन पिशवीत, पिशवी वाळूत, वाळू फोनमध्ये. चार्जिंगचं भोक साफ करून झालं की टाकते.

दर्याभान

मस्त लिहिलंय. आमचं गाव मालवणजवळ, त्यामुळे दोन शंका. एक, तो प्रवाळ सुकतीला उघडा पडत असेलच ना? मग भूकंपानं नवीन काय झालं? दोन, त्या भातात आंबट काहीच नाही? नारळाच्या रसाला आमसूल नाही म्हणजे चुकल्यासारखं वाटतं.

निमकी

पहिली शंका मीही आंटींना विचारली होती, कारण माझ्याही डोक्यात कोकणातली भरती-ओहोटी. तर इथे ती जवळजवळ नाहीच. दिवसभरात पाणी फूटभर वर-खाली होतं, संपलं. याच देशाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर तो फरक अडीच-तीन मीटर असतो, आपल्यासारखा. म्हणून इथे जमीन थोडी जरी उचलली तरी प्रवाळ कायमचा वर राहतो, सहा तासांनी भरती येऊन त्याला वाचवत नाही.

आंबट नाही. लिंबू पिळतात माशावर. आमसुलाचं मीच त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही नारळ नासवता.

दर्याभान

हा अपमान मालवण विसरणार नाही.

रावेरकर

निळ्या पिशवीला आमच्याकडे स्कर्टिंग बॅग म्हणतात. आता रावेर-यावल भागात निर्यातीचा माल करणारे बरेच जण घालतात, घडावर डाग पडू नये म्हणून. जात कुठली आहे तिकडे? आणि करप्याचं (पानं करपवणाऱ्या बुरशीचं) काय करतात? एवढा पाऊस म्हणजे करपा मोकाट असणार.

अनवाणी

@रावेरकर, मी फ्लोरिडात असतो, त्या भागात तीनदा गेलोय, एका बागेतही हिंडलोय. जात कॅव्हेंडिश गटातलीच, म्हणजे तुमच्या ग्रँड नैनची भावंडं. काळा करपा भयंकर, विमानानं फवारणी करतात. रस्त्यावरून जाताना डोक्यावरून पिवळं विमान गेलं की स्थानिक लोक गाडीच्या काचा वर करतात. पूर्वी तिथे ग्रोस मिशेल नावाची जात होती. ती मर रोगानं गेली. त्याला जगभर 'पनामा रोग' म्हणतात, त्यावरून ओळखा कुठे धुमाकूळ घातला असेल.

रावेरकर

मर रोग नाव ऐकलं तरी पोटात गोळा येतो. माहितीबद्दल धन्यवाद दादा.

घाटावरचा_काका

लेख छान. पण एकूण आपल्या गोव्याचाच प्रकार म्हणायचा. नारळ, मासे, झोपाळा. आपण दोन दिवस जाऊन 'काय निवांत लोक' म्हणून येतो. असल्या निवांतपणानं पोट भरत नाही हो. पोरंबाळं काय शिकतात, कमावतात काय, हे पाहिलं का कुणी?

अनवाणी

काका, राग मानू नका, पण हा निवांतपणा नीट तपासून घ्यायला हवा.

या लोकांचे काही पूर्वज कासवं पकडायला या किनाऱ्यावर आले आणि राहिले. बरेच जण जमैकाहून १८७१ नंतर रेल्वे बांधायला आणले गेले. सान होसे ते लिमोन ही रेल्वे पुरी व्हायला १८९० उजाडलं, किती मजूर मेले त्याची मोजदाद कोण ठेवतो. मग त्याच रेल्वेवरून केळी. मर रोग आल्यावर केळीवाल्या युनायटेड फ्रूट कंपनीनं बस्तान पॅसिफिकला हलवलं, आणि १९३४ च्या करारात सरकारनं घालून ठेवलं की तिकडच्या बागांत काळ्या मजुरांना कामाला घ्यायचं नाही. म्हणजे काम गेलं आणि कामामागे जायची वाटही बंद. तिथे जन्मलेल्यांना नागरिक म्हणून धड मान्यता मिळायला १९४९ नंतरचा काळ यावा लागला.

ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. कोको लावला. दोन पिढ्या त्यावर नीट चालल्या. १९७८-७९ च्या सुमारास मोनिलिया बुरशी आली. कोकोच्या शेंगेवर पांढरं पीठ धरतं आणि आतलं सगळं काळं. दोन-तीन वर्षांत बागा ओस. त्याच सुमारास पाठीवर बोर्ड घेऊन सर्फर यायला लागले. खोली भाड्यानं देणं, भात-राजमा विकणं हा त्या गावाचा तिसरा की चौथा धंदा आहे काका. तो शौक म्हणून काढलेला नाही.

घाटावरचा_काका

१९३४ चं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. गोव्याबद्दलचाही घ्यावा लागेल का?

सोलकढी

घ्यावाच लागेल. मी पेडण्याची.

निमकी

@अनवाणी, कोकोचा भाग मला ठाऊक नव्हता, फार आभार. आंटींच्या मागच्या अंगणात पाच-सहा जुनी झाडं होती, शेंगा काळ्याठिक्कर पडलेल्या. मला वाटलं पिकून वाळल्यात.

तिथून आत डोंगराकडे ब्रिब्री आदिवासींची गावं आहेत, माझं जाणं झालं नाही. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं आणि समारंभाचा कोको फक्त बायकांनीच करायचा असतो, एवढं आंटींकडून कळलं.

अनवाणी

काविताला उतरायला हवं होतं तुम्ही. तिथलं राष्ट्रीय उद्यान अगदी गावाला चिकटून आहे. १९९४ मध्ये सरकारनं परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क एकदम कित्येक पट वाढवलं. पाहुणे येईनासे होणार म्हणून गावकऱ्यांनी प्रवेशद्वारच ताब्यात घेतलं. भांडण मिटलं ते उद्यान सरकारनं आणि गावानं मिळून चालवायचं असं ठरून. गावाकडच्या दारातून आजही तुम्ही द्याल ती देणगी, असा प्रवेश आहे. आत समुद्राच्या कडेनं आठेक किलोमीटरची पायवाट, डोक्यावर फांदीला उलटे लटकलेले संथ स्लॉथ, हातातलं केळं पळवणारी पांढऱ्या तोंडाची माकडं, आणि फांदीवर वेटोळं करून बसलेला पिवळाधमक साप. फार सुंदर आणि विषारी. हात लावायचा नाही.

कॅलिप्सो, म्हणजे कॅरिबियन लोकगीतं, गाणारे वॉल्टर फर्ग्युसन याच गावचे. २०२३ मध्ये गेले, वयाची शंभरी ओलांडून. तेव्हा बसमधल्या आजींनी 'कविता' म्हटलं ते काही चुकीचं नाही.

पेंगुळलेला

आम्ही चौघं, बरोबर सासूबाई, पूर्ण शाकाहारी. कांदा-लसूण चालतं. उपाशी राहू का?

निमकी

नाही. भात-राजमा, सोबत परतलेली पिकी केळी, पातकोनेस (कच्च्या केळ्याचे जाड काप तळून, चेपून, पुन्हा तळतात). पण राजम्यात डुकराची चरबी नाही ना हे विचारा, शब्द 'मान्तेका'. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, एवढ्यावर थांबू नका. इथे कार्ने म्हणजे बहुधा गाय, कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. बेकरीत पाती नावाची तिखट करंजी मिळते, तिच्यात खिमा असतो, ती टाळा. तिची ओळख मात्र करून घ्या. ती जमैकाची, आणि जमैकात करी मसाला पोचला तो १८४५ पासून मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर. पिवळट पारी बघून मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

पेंगुळलेला

सासूबाई मान्तेका पाठ करताहेत. व्हिसा?

निमकी

माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा होता, तो चालला. नियम बदलतात, तिकिटाआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघाच. आणि जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हा सगळा देश पावसात असतो आणि हा एकच किनारा त्यातल्या त्यात कोरडा. मात्र लाटा तेव्हा झोपलेल्या. सासूबाईंना चालतील.

एक_फळकूट

मी गोव्यात आणि मंगळुराजवळ मुल्कीला सर्फिंग शिकलो, अजून शिकतोच आहे. निमकीताई, चार सेकंद म्हणजे वाईट नाही, माझे पहिल्या दिवशी शून्य. नवशिक्यांसाठी एवढंच: पडायचं ते पाठीवर, सपाट, उडी मारून पाय खाली टाकायचे नाहीत. प्रवाळात साळिंदरासारखे काटे असलेले प्राणी बसलेले असतात. आणि कोक्लेसला रिप करंट असतात म्हणतात, त्याबद्दल लिहा ना.

निमकी

बरं झालं आठवण केलीत, हे मूळ लेखातच हवं होतं. कोक्लेसला पाणी किनाऱ्याकडून आत ओढून नेणारे पट्टे असतात, दिसायला उलट शांत. लाट फुटत नाही म्हणून लोक नेमके तिथेच पोहायला शिरतात. तिथे जीवरक्षक असतात, लाल बावटा असेल तर उतरू नका. सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, पट्टा अरुंद असतो. पुंता उवाला पाणी पुष्कळ शांत, कोक्लेसच्या पुढे सायकलनं अर्धा तास. मुलं असतील तर तिथेच.

दर्याभान

आमच्याकडे पण हेच, पर्यटक शांत पाणी बघून उतरतात. गावातला माणूस ओरडून सांगतो, त्यालाच उलट बोलतात.

सोलकढी

बेडकाच्या पाण्याची कृती द्या. प्रमाणासकट.

निमकी

आंटींचं प्रमाण 'चवीनं' असं आहे. मी बघून लिहिलेलं: लिटरभर पाण्यात पावशेराला थोडा कमी गूळ विरघळेपर्यंत उकळायचा, उतरवायचं. कोमट झालं की बोटभर लांबीचे चार-पाच आल्याचे तुकडे सालीसकट ठेचून घालायचे, तासभर झाकून ठेवायचं. गाळून तीन-चार लिंबं पिळायची. थंड प्यायचं. लिंबू गरम पाण्यात पिळलं तर आंटी बघून घेतील.

घाटावरचा_काका

कऱ्हाडचा गूळ वापरा. चिक्कीचा नको.

सोलकढी

काल केलं. घरात सगळ्यांना आवडलं. लेकाला नाव सांगितलं ही चूक झाली. आज शाळेतून बाईंचा फोन होता, तुमच्याकडे खरंच बेडूक उकळतात का म्हणून.